मीटरवरचा आकडा आणि गाडीचं खरं वय



जुनी गाडी घ्यायची तर किती किलोमीटर झालेली घ्यावी, हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला चार-पाच जणींनी विचारला. आम्ही २०२४ मध्ये जुनी गाडी घेतली आणि ती बघायला मीच जास्त फिरले, हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे. गाडी बघणं हे पुरुषांचं काम असं आपल्या घरांत अजून मानतात. पण एफडी मोडायची वेळ आली की आपल्याला विचारतात, आणि सासूबाईंना दवाखान्यात किंवा मुलांना क्लासला नेणाऱ्या बहुतेक घरांत आता आपणच असतो. म्हणून आज लोणच्या-पापडाऐवजी गाडीबद्दल लिहिते. शेवटी हा विषय आपल्या व्रतांपर्यंत येऊन पोचतो.

आधी आकड्याचं बघू. घरगुती वापराची गाडी वर्षाला साधारण दहा ते बारा हजार किलोमीटर चालते, असा गाडी-बाजारातला ढोबळ हिशोब आहे. म्हणजे आठ वर्षांची गाडी ऐंशी-नव्वद हजारांच्या आसपास असली तर त्यात नवल नाही. सव्वा लाख दिसले की आपण दचकतो आणि चाळीस हजार दिसले की खूश होतो. मीही आधी तशीच यादी केली होती: एक लाखाच्या वरची गाडी बघायचीच नाही. आमच्या मिस्त्रींनी ती यादी हातात घेतली आणि एकच विचारलं, “वहिनी, किलोमीटर कुठे झालेत ते लिहिलंय का?”

त्यांनी समजावलेला हिशोब मला पटला. हायवेवर ताशी साठच्या सरासरीने चाललेल्या गाडीचे १,२०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे दोन हजार तास. बाजारपेठेत, सिग्नलला, शाळेच्या गर्दीत ताशी वीसच्या सरासरीने रडतखडत चाललेल्या गाडीचे ४०,००० किलोमीटर म्हणजेही दोन हजारच तास. इंजिन दोघींचं सारखंच राबलं. उलट गावातल्या गाडीचा क्लच, ब्रेक आणि गिअर कितीतरी जास्त वेळा वापरले गेले. हायवेवरची गाडी टॉप गिअरमध्ये एका लयीत पळते, इंजिन नीट गरम होतं, तेल सगळीकडे फिरतं. घर ते मंदिर आणि मंदिर ते घर एवढीच चालणारी गाडी नीट गरम व्हायच्या आतच बंद होते. त्यामुळे तेलात ओल राहते. आता येणाऱ्या बीएस ६ डिझेल गाड्यांत तर धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेवर सलग चालवावी लागते. म्हणून रोजचं चार-पाच किलोमीटरचं जाणं-येणं असेल, तर “डिझेल स्वस्त पडतं” एवढ्यावर डिझेल गाडी घेऊ नका.

तसंच उभी राहिलेली गाडी. “मुलगा अमेरिकेत आहे, गाडी नुसती शेडमध्ये असते” असं सांगितलं की आपल्याला वाटतं, नवीनच मिळाली. पण उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेकच्या चकत्यांना गंज चढतो, रबरी भाग कडक होतात, आणि उंदीर वायरी कुरतडतात. वापर नसला तरी तेल आणि कूलंट वेळच्या वेळी बदलावंच लागतं. कमी किलोमीटरच्या गाडीला म्हणूनच दोन प्रश्न विचारायचे: कमी का चालली, आणि तेवढ्या काळात तिच्याकडे कोणी बघितलं का?

आपल्या सांगली-कोल्हापूरकडे तिसरा प्रश्नही लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ही गाडी कुठे उभी होती? त्या दोन पुरांत कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. पुरातली गाडी धुऊन-पुसून, सीटकव्हर बदलून चकाचक करता येते आणि तिचे किलोमीटरही कमीच असतात. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. पायाखालचं मॅटिंग उचलून वास घ्या. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्या पट्ट्यांचा गंज बघा. डिकीत स्टेपनी काढून त्या खड्ड्यात बोट फिरवा, गाळाची बारीक माती हाताला लागते. गाडीत सुगंधी फवारा जरा जास्तच मारलेला असेल तर तेही लक्षात ठेवा.

आता मीटर. पूर्वी मीटरमध्ये आकड्यांची चाकं फिरायची. आता आकडा एका चिपमध्ये साठवलेला असतो आणि लॅपटॉप जोडून तो बदलता येतो. स्क्रू उघडल्याची खूणसुद्धा राहत नाही. त्यामुळे मीटर बघायचा तो सगळ्यात शेवटी. आधी बाकीची गाडी काय सांगते ते ऐकायचं.

आम्हाला एका डीलरकडे एक पांढरी हॅचबॅक दाखवली. २०१५ ची, मीटरवर ४६,०००. “लेडी डॉक्टरची गाडी आहे वहिनी, घर ते हॉस्पिटल, बस्स.” गाडी दिसायला सुरेख होती. पण क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालं होतं, स्टीअरिंगचा वरचा भाग तुळतुळीत, गिअरच्या गोळ्यावरचे आकडे पुसट. ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली आणि बाजूची सीट मात्र जशीच्या तशी. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. या गाडीचे दोन टायर २०१९ चे होते आणि दोन २०२३ चे. टायरचा एक जोड साधारण चाळीस-पन्नास हजार जातो. मग ४६,००० मध्ये ही गाडी टायरच्या दुसऱ्या-तिसऱ्या जोडावर कशी आली?

अधिकृत वर्कशॉपमध्ये प्रत्येक सर्व्हिसिंगला गाडीचे किलोमीटर नोंदवतात. मालकाची परवानगी असेल तर गाडीच्या नंबरावरून जुना इतिहास मिळतो. आम्ही डीलरला म्हटलं, रेकॉर्ड काढून द्या, मगच पुढचं बोलू. दोन दिवस टाळाटाळ झाली. मग कागद आला, त्यात २०२१ मधलीच नोंद ७८,००० ची. “मध्ये मीटर बदलला होता” असं उत्तर मिळालं. मीटर खरंच बिघडतो आणि बदलावाही लागतो, पण मग त्याचं बिल असतं आणि बदलतानाचा आकडा त्यावर लिहिलेला असतो. बिल नव्हतं. आम्ही नमस्कार करून निघालो.

मग बघितली ती २०१७ ची पेट्रोल डिझायर, सांगली पासिंग, थेट मालकाकडून. मीटरवर १,१८,०००. आमच्या यादीत न बसणारी. मालक कामासाठी महिन्यातून तीनदा पुण्याला जायचे. सांगली-पुणे साधारण दोनशे तीस किलोमीटर, जाऊन-येऊन चारशे साठ. वर्षाच्या छत्तीस फेऱ्या म्हणजे साडेसोळा हजार, सात वर्षांचे एक लाख सोळा हजारांच्या आसपास. कोरोनात फेऱ्या थांबल्या असतील, त्याच्या जागी गावातलं फिरणं धरा. अगदी तंतोतंत नाही, पण माणसाची गोष्ट आणि मीटरचा आकडा एकमेकांशी भांडत नव्हते. एका फाइलमध्ये पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची बिलं होती आणि प्रत्येक बिलावर आकडा चढत गेलेला होता.

तरीही तपासणी सोडली नाही. मालकांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं, “आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.” गेल्या-गेल्या बॉनेटला हात लावला, थंड होतं. थंड इंजिन सुरू होताना खरं बोलतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर सकाळच्या थंडीत थोडा वेळ येतो, पण येतच राहिला आणि दाट असला तर कूलंट आत जातंय. ऑइलचं झाकण उघडून आतून दुधट साय दिसते का तेही बघायचं. मग वीस-पंचवीस मिनिटं चालवायची. तापमानाचा काटा, स्पीडब्रेकरवर खडखड, मोकळ्या रस्त्यावर स्टीअरिंग सोडल्यासारखं धरलं तर गाडी एका बाजूला ओढते का. क्लच अगदी वर येऊन धरत असेल तर त्याचे दिवस भरत आलेत. या गाडीचा तसाच धरत होता.

मिस्त्रींनी कागदावर लिहून दिलं: क्लच, पुढचे दोन टायर, सस्पेन्शनचे बुश, अंदाजे बत्तीस हजार. इंजिनात टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही. ज्या गाडीत बेल्ट असतो तिथे तो बदलल्याचं बिल मागाच. चालत्या गाडीत तो तुटला तर इंजिनच उघडावं लागू शकतं. मालक ४,६०,००० म्हणत होते. आम्ही तो कागदच त्यांच्यापुढे ठेवला आणि ४,२५,००० ला ठरलं. जास्त चाललेल्या गाडीचा हा एक फायदा. पुढे काय निघणार ते आधी कळतं, आणि तेवढे पैसे किमतीतून वळते करून बाजूला ठेवता येतात.

आता माझ्या मते खरा मुद्दा. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, परिग्रहपरिमाण व्रत घेतलंय. घरात चारचाकी एकच. त्यामुळे डिझायर घरी येण्याआधी २०१२ ची वॅगनआर विकणं भाग होतं. तिचे १,४६,००० झाले होते. कुंभोज-बाहुबली, स्तवनिधी, महाराजांच्या विहारात चौका घेऊन जाणं, सगळं तिनेच केलं. एक एजंट घरी आला. म्हणाला, “आहे तशी दिली तर एक पस्तीस. मीटर बहात्तर हजारांवर आणला तर एक पंचाहत्तर कुठेच गेले नाहीत. तुम्हाला काही करायचं नाही, आमचा माणूस करतो.”

चाळीस हजार रुपये. लेकीच्या हॉस्टेलच्या फीचा मोठा भाग. हे काही बोलले नाहीत, पण मनात हिशोब चालू आहे ते मला दिसत होतं. भावजी म्हणाले, “सगळेच करतात वहिनी. घेणाऱ्यालाही माहीत असतं, तो आपला हिशोब धरूनच भाव करतो. आणि आपण कुठे करतोय?”

रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही बसलो. मी स्वाध्यायाची वही काढली. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार दिलेत, आपण पाठशाळेत पाठ केलेलेच. त्यात एक आहे हीनाधिक मानोन्मान. देताना कमी माप, घेताना जास्त. लहानपणी मला वाटायचं, हे किराणा दुकानदारांसाठी आहे. पण मीटर हेही मापच ना? गाडी किती झिजली त्याचं माप. ते खाली आणून जास्त पैसे घेणं आणि तराजूच्या पारड्याखाली मेण लावणं यात फरक काय? सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणं. मीटरवरचा आकडा हा लेखच आहे.

आणि “आपण कुठे करतोय” याला उत्तर आपल्या प्रतिक्रमणातच रोज येतं: कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि करणाऱ्याला बरं म्हटलेलं. एजंटच्या माणसाने लॅपटॉप जोडला आणि आपण जास्तीचे पैसे घेतले, तर त्यातलं करवणं आपलं आणि संमतीही आपली.

भावजींना हे धर्माचं बोलणं जरा जड वाटलं असावं. मग आईंनी साधंच विचारलं, “जो घेईल तो क्लच-ब्रेकचं काम कधी करेल?” म्हणजे मीटर बघूनच ना. बहात्तर हजार दिसले की त्याला वाटणार, अजून वेळ आहे. कूलंटचे पाइप अजून चालतील, ब्रेकचं काम पुढच्या वर्षी करू. आणि तो माणूस बायकामुलांना घेऊन आंबा घाट उतरत असेल. खोट्या आकड्याने नुकसान नुसतं पैशाचं होत नाही. आपण पाणी गाळून पितो, रात्री दिवा लावताना किडा येईल म्हणून जपतो, आणि ज्या घाटात आपण नसणार तिथल्या जिवांचं काय, एवढंच त्या म्हणाल्या. भावजी गप्प झाले. हे म्हणाले, “आहे तशीच द्यायची.”

एजंटला नाही सांगितलं. सगळी बिलं लावून गाडी आम्ही स्वतः विकली, १,४२,००० ला. डबे पोचवण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका जोडप्याने घेतली. काय-काय काम निघेल ते आम्ही त्यांना लिहूनच दिलं. एजंटच्या आकड्यापेक्षा तेहतीस हजार कमी आले. फी भरताना ते जाणवले, हेही खरं. आमचे हे अजून कधीतरी चेष्टेने म्हणतात, “तुझ्या अतिचाराचे तेहतीस हजार.” पण पांढऱ्या गाडीच्या डीलरकडून निघताना आमच्या मनात जो राग होता, तो आमच्या गाडीबद्दल कोणाच्या मनात येणार नाही. माझ्या दृष्टीने हिशोब तिथे पुरा होतो.

कागदांचंही थोडं. परिवहन खात्याच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की ती कितव्या मालकाकडे आहे, आरसीवर बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, हे दिसतं. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. सह्या करून “करू नंतर” म्हणू नका. गाडी विकलीत तर आरसीवरून आपलं नाव निघेपर्यंत जबाबदारीचे प्रश्न आपल्याच दारात येऊ शकतात. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत कळवा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. तेरा-चौदा वर्षांची स्वस्त गाडी घेताना हा खर्च मोजा. शिवाय आपल्यासाठी एक जादा बाब: सीटकव्हर आणि स्टीअरिंगचं आवरण रेक्झिनचं आहे की खऱ्या चामड्याचं, ते विचारा. आमच्या गाडीला कापडी सीट होत्या, तेवढीच एक काळजी कमी झाली.

डिझायरचा क्लच १,२४,००० ला बदलला, मिस्त्रींनी लिहून दिला होता तसाच. आता १,३७,००० झालेत. प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल मी तारीख आणि किलोमीटर बघून फाइलला लावते. कधीतरी हीही गाडी विकायची आहे, आणि घेणाऱ्याने विचारलं तर फाइल पुढे करता आली पाहिजे.

तुमच्यापैकी कोणी गाडी बघत असेल तर मीटरचा आकडा आधी वहीत लिहू नका. पेडल, टायर, बिलं, मालकाची गोष्ट हे आधी लिहा आणि त्यावरून किती किलोमीटर झाले असतील याचा तुमचा अंदाज लिहा. मग मीटर बघा. दोन्ही जुळले तर सव्वा लाखालाही घाबरू नका. जुळले नाहीत तर चाळीस हजारांनाही नमस्कार करून निघा.

जय जिनेंद्र.